सरांनी राखलेल्या भिंती

सर मला शेवटपर्यंत 'इंजिनीअर' म्हणत राहिले. मी आर्किटेक्ट आहे, हे मी त्यांना पहिल्या भेटीत सांगितलं, दुसऱ्या भेटीत सांगितलं, आणि मग नाद सोडून दिला. "एकच शे ना ते," ते म्हणायचे, "तू भिंत बांधस, मी भिंतवर टांगस." एवढं बोलून खिशातून लहानसा आरसा काढायचे, माझा नकाशा त्यात उलटा करून बघायचे आणि मान हलवायचे. ती मान होकाराची की नकाराची, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर म्हणायचे, "बघू." त्यांच्याबरोबर मी जेवढे महिने काम केलं, त्यातला बराचसा काळ माझा या 'बघू'चा अर्थ लावण्यातच गेला.

काम होतं जळगावातल्या एका जुन्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचं. कापसातून सरकी वेगळी करायची मोठी शेड, गाठी दाबायची दगडी इमारत, आणि मागं कापूस साठवायच्या एकाला एक लागून असलेल्या वखारी. सगळं कैक वर्षं बंद पडलेलं. आत कबुतरं होती आणि छप्पर पेलणाऱ्या तिकोनी सागवानी कैच्या होत्या, अजून ताठ. एका ट्रस्टनं ती जागा घेतली आणि तिथं आजच्या खान्देशातल्या कलेचं दालन करायचं ठरवलं. मी पुण्याहून शिकून पिंप्राळ्याला घरी परतले होते आणि हे माझं पहिलंच मोठं काम. सर धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ट्रस्टच्या अध्यक्षांना त्यांनी लहानपणी चित्रकलेच्या तासाला बाकावर उभं केलं होतं म्हणे. त्या धाकापोटी अध्यक्षांनी त्यांना सल्लागार नेमलं असावं.

जळगावच्या उन्हाळ्यात माणूस अंगावरचा सदरा नकोसा म्हणतो. सर गळ्यात लोकरी मफलर गुंडाळून यायचे. "घाम येस, मंग वारा गार लागस," हे त्यांचं शास्त्र. पण मफलरचं एक वेळ चालून जाईल. त्यांची दुसरी खोड अशी होती, की ओळख झाल्या झाल्या समोरच्याला फोटो काढून घ्यायला सांगायचे. तेही कसं? चेहरा न्याहाळून, अगदी आपुलकीनं, "तुमचा डावा चेहरा चांगला आहे. आत्ताच काढून ठेवा. मागं राहणाऱ्यांची पंचाईत नको."

अध्यक्षांना त्यांनी हे भर मीटिंगमध्ये सांगितलं. अध्यक्ष नुकतेच दवाखान्यातून आले होते. त्यांचा चेहरा पडला. मी सारवासारव करायला म्हटलं, की सरांना ब्रोशरसाठी फोटो हवाय. सर म्हणाले, "ब्रोशर कशाले? भिंतवर लावाले." चहा आला म्हणून तो विषय थांबला. पुढच्या मीटिंगला अध्यक्ष सरांच्या डाव्या हाताला बसले, डावा चेहरा दिसू नये म्हणून.

मला पण त्यांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, "सर, माझ्या मोबाइलमध्ये माझे हजार फोटो आहेत." ते म्हणाले, "हजार म्हणजे एकही नही." मी चिडले होते. अजूनही त्या वाक्याचा मला पुरता उलगडा झालेला नाही.

हे फोटोचं वेड त्यांच्या जोडधंद्यातून आलं होतं. शाळेच्या पगारावर भागत नसे तेव्हा सर लोकांच्या मेलेल्या माणसांची चित्रं काढून देत. खान्देशात जुन्या घरांत गेलात तर बैठकीत दारासमोर हार घातलेलं असं एखादं तैलचित्र असतंच. टोपी, मिशा, कपाळाला गंध, नजर समोर. रेशनकार्डावरचा किंवा लग्नातल्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा घेऊन लोक सरांकडे जायचे आणि महिन्याभरानं बाप घेऊन परतायचे. धुळ्यापासून पार बोदवडपर्यंत सरांनी काढलेले बाप आणि आजे भिंतींवर होते.

ती चित्रं घरोघरून मागून आणायची आणि दालनाचा एक भाग त्यांचाच करायचा, ही कल्पना खुद्द सरांची. मला ती मनापासून आवडली. पुढच्या शेडमध्ये तरुण पोरापोरींची कामं असणार होती. एकीनं केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटांचा पडदा विणला होता, एकानं पत्र्यावर चित्रं काढली होती. आणि मागं वखारींत हे जुने चेहरे. मी तडक नकाशा केला. वखारींमधल्या आडव्या भिंती काढायच्या, एक लांबलचक हॉल करायचा, आणि दोन्ही बाजूंनी ओळीनं चेहरे. मधून चालत जाणाऱ्याकडे सगळा खान्देश बघतोय असं वाटलं पाहिजे. मी हे समजावून सांगत असताना माझ्याच अंगावर काटा आला होता.

सरांनी आरसा काढला नाही की नकाशा उलटा धरला नाही. सरळ म्हणाले, "भिंती पाडायच्या नाहीत."

"सर, त्या मागाहून घातलेल्या आडभिंती आहेत. त्यांच्यावर छपराचा भारसुद्धा नाही."

"मनावर भार शे."

मी दुसरा नकाशा केला, निम्म्या भिंती ठेवल्या. नाही. तिसरा केला, भिंतींना मोठ्या कमानी पाडल्या, इकडून तिकडं दिसेल अशा. त्यावर तर ते उठून उभेच राहिले. "इकडून तिकडं दिसता कामा नये! एका खोलीत एक चित्र. दार एक. आत जायचं, बघायचं, बाहेर यायचं."

गंमत अशी, की पुण्याहून आलेल्या वारसा सल्लागारांना हे फार भावलं. जुन्या वास्तूचा असा आग्रह धरणारा कलावंत आपण पाहिला नाही, असं ते अध्यक्षांना म्हणाले. मी मात्र सल्लागारांच्या लेखी जुनं पाडायला निघालेली बाई ठरले. सर मफलरची टोकं ओढत राहिले. मला तेव्हाच वाटलं, की यांना वास्तूचं काही पडलेलं नाही, गौडबंगाल वेगळंच आहे. कारण प्रेसच्या इमारतीची पूर्ण भिंत पाडून काच लावायची ठरली, तेव्हा हेच सर "चांगलं शे, उजेड येई" म्हणाले होते.

चित्रं येऊ लागली. बोदवडचे एक गृहस्थ आपल्या आजोबांचं चित्र धोतरात गुंडाळून रेल्वेनं घेऊन आले. पांढऱ्या मिशा, सरळ टोपी, आणि डावी भुवई मधोमध तुटलेली. मी भुवईकडे बघतेय हे पाहून ते अभिमानानं म्हणाले, "आमच्या नानाले बैलानं शिंग मारेल व्हतं. पण नानानं कासरा सोडला नाही." सरांनी घाईनं चित्र उचललं आणि पहिल्या वखारीत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

त्यानंतर आठवड्याभरानं मी सरांबरोबर धुळ्याच्या पुढं एका गावात गेले. घरात एक अक्का होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या, ताठ. त्यांचा मुलगा चाळिशी ओलांडलेला, शेतकरी. त्याचे वडील तो रांगत असतानाच गेले होते. त्यांचा एकही फोटो नव्हता आणि सरांनी काढलेलं चित्रच काय ते होतं. मुलानं ते उतरवून माझ्या हातात दिलं. काळ्या मिशा, तिरपी टोपी. आणि डावी भुवई मधोमध तुटलेली.

मी बघत राहिले. मुलगा म्हणाला, "आबा ल्हानपने विहीरमा पडनात, तवय भवई फुटी गयी."

"पण सर," मी म्हणाले, "हे तर बोदवडचे..."

सरांना असा खोकला लागला, की मुलगा पाणी आणायला धावला. अक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पदरानं काच पुसली, चित्राला "जाई या बरं" म्हणाल्या आणि सरांना म्हणाल्या, "आखाजीले मालक घरमा पाहिजेत, ध्यानमा ठेवा." सरांनी मान हलवली. तीच ती, होकार की नकार न कळणारी.

परतीच्या वाटेवर हायवेला एका रसवंतीपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. महत्त्वाचं बोलायचं असलं की सर अहिराणी सोडून शाळेतल्या मराठीत येत. उसाचा रस समोर ठेवून ते तसल्या मराठीत म्हणाले, "तो माझा बाप आहे."

"कोण?"

"दोन्ही. पहूरहून आलंय ते तिसरं चित्र पण. अजून असतील."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्यांच्याकडे फोटोच नसायचा ते लोक सरांसमोर बसून वर्णन करायचे. नाक असं, कपाळ तसं. सर काढायचे आणि लोक म्हणायचे, हे नाहीत ते. पुन्हा काढायचे, पुन्हा नाही. एकदा कंटाळून त्यांनी आपला बाप काढला. सर शाळेत जायच्या वयाचे असताना तो गेला होता. कापसाची गाडी हाकायचा, आणि बैलगाडीचं जू निसटून भुवईला लागलं होतं. ते चित्र बघून तो घरचा थोरला मुलगा ओक्साबोक्शी रडला. हेच आमचे वडील, म्हणाला. त्यानंतर फोटो नसलेलं कुणी आलं की सर फक्त टोपी सरळ की तिरपी आणि मिशा काळ्या की पांढऱ्या, एवढंच विचारायचे.

"आणि भुवई?" मी विचारलं. "ती तरी नीट काढायची."

"भुवई नीट काढली की तो बाप राहत नव्हता."

"मग तुमच्या घरी असेल ना त्यांचं चित्र?"

"नाही. स्वतःसाठी काढायला बसलो की हात चालत नाही. दुसऱ्याच्या बापासाठी काढला की नीट येतो. कशामुळे ते मला माहीत नाही." त्यांनी रस तसाच ठेवला होता. "मला एकदा त्या सगळ्या खोल्यांवरून चालत जायचंय, इंजिनीअर. एकेका दारात बाप. पण त्या लोकांनी एकमेकांचं बघितलं, की त्यांचे बाप जातील. एवढ्या वर्षांचे. माझ्या हातून जातील."

आता मला भिंती कळल्या. पण त्या कळल्यानं माझा गोंधळ वाढलाच. हा माणूस लबाड म्हणावा की काय म्हणावा? मी त्याला मदत करावी की नाही? त्या अक्कांचा मुलगा रोज सकाळी ज्याच्या पाया पडतो, तो कुणा परक्या गाडीवानाचा चेहरा आहे, हे त्याला कळलं पाहिजे की कळता कामा नये? जळगावला पोचल्यावर मी अध्यक्षांना सांगितलं, की वखारींच्या भिंती ठेवू या. ते म्हणाले, शेवटी तुम्हालाही वारशाचं महत्त्व पटलं. मी हो म्हटलं.

उद्घाटनाला अध्यक्षांनी आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस धरला. साडेतीन मुहूर्तांतला, वेगळा मुहूर्त काढायला नको. आम्ही सगळेच खान्देशातले, सगळ्यांच्या घरी आखाजीला पितरांची घागर भरतात, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही, की त्या दिवशी ज्याची त्याला आपली पितरं घरात हवी असणार. अक्कांनी तर तोंडावर सांगितलं होतं. सरांना मी नंतर विचारलं, ते म्हणाले, "मना घरमा फोटोच नही, माले काय आठवीन?"

आदल्या दिवशी सकाळी चित्रं लागली. एका वखारीत एक. सरांनी मला सगळ्या वखारींची दारं सताड उघडायला लावली आणि समोरच्या लांब ओट्यावरून ते एका टोकापासून चालत निघाले. मधल्या काही दारांत दुसऱ्यांचे बाप होते, तिथं ते थांबत नव्हते. आपल्या बापाच्या दारात थांबायचे, आत बघायचे, पुढं जायचे. शेवटच्या दारापाशी मी उभी होते. ते येऊन म्हणाले, "प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा आहे." आणि मफलर सोडून हातात घेतला. दारं लावून घेऊ का, एवढंच मी विचारलं.

दुपारपासून फोन सुरू झाले. फोटो कधी देता, उद्या घागर आहे, रीतभात काही कळते का तुम्हाला? अध्यक्ष मोठ्या मनाचे. त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, की तुम्हीच इकडे या, घागर आपल्या दालनातच भरा. मी कपाळाला हात लावला. घागरीबरोबर आगारी असते, म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यावर पितरांच्या नावानं तूप आणि घास टाकायचा. सागवानी छप्पर, वाळलेल्या केळीचा पडदा, आणि आत निखारे! मी ठणकावून सांगितलं, की आत एक ठिणगीही चालणार नाही. घागर बाहेर ओट्यावर भरा आणि तेवढ्यापुरती चित्रं बाहेर आणा.

नियम अगदी बरोबर होता. कुठल्याही आर्किटेक्टनं तोच केला असता. तो सांगून झाल्यावर रात्री जेवताना माझा घास हातातच राहिला: ओट्यावर मधे भिंती नव्हत्या.

सकाळी मी सरांना दारातच गाठलं आणि सांगितलं. तोवर लोक आलेही होते. नवी मडकी, खरबुजं, आमरसाचे डबे, सांजोऱ्या. ओट्याला टेकवून ओळीनं चित्रं लागली. मी वाळूची बादली घेऊन उभी, आणि सर खांबाला धरून.

बोदवडचे गृहस्थ आणि अक्कांचा मुलगा शेजारी-शेजारी बसले होते. आधी मुलानं पाहिलं. मग त्या गृहस्थांनी पाहिलं. मग दोघांनी पहूरवाल्यांचं पाहिलं. आता ओरडा होणार, आता कुणीतरी सरांचा मफलर धरणार.

मुलगा म्हणाला, "तुम्हनं कुळ कोनतं?"

झालं. पुढची दहा-पंधरा मिनिटं ओट्यावर कुळं, देवकं, आज्यांची माहेरं आणि दुष्काळात गाव सोडून गेलेले चुलते यांची अशी काही उलथापालथ झाली, की विचारू नका. भुवई तुटणं हे घराण्यातच असणार, यावर एकमत झालं. बैल आणि विहीर बाजूला पडली. बोदवडचे गृहस्थ मुलाला पोटाशी धरून म्हणाले, "आपन तं भाऊबंद निघालो!" पहूरवाल्यांनी सांजोऱ्या वाटायला घेतल्या.

सर खांब सोडून पुढं आले. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी झटकला. सगळ्यांच्या मधे उभे राहून म्हणाले, "हाऊ मना बाप शे. तुमना नही. मी काढेल शे, मना बाप."

मग मुलगा हसला. "सर, ऊन लागनं का तुमले? आमना बापले आम्ही वळखतस नही का?" बोदवडकरांनी त्यांना हाताला धरून सावलीत नेलं, "बसा गुरुजी, पानी प्या." आणि पुन्हा चुलत्यांचा शोध सुरू झाला.

सर ओट्याच्या टोकाला बसले. ज्या गोष्टीच्या धाकानं त्यांनी माझे तीन नकाशे फेकले, ती त्यांनी स्वतः ओरडून सांगितली होती आणि ती कुणालाच नको होती. मला त्यांची दया आली, आणि रागही आला. कशाचा, ते विचाराल तर सांगता येणार नाही.

अक्का आपल्या आगारीपाशी बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी सरांना जवळ बोलावलं. सर सरकत गेले. मी बादली घेऊन तिथंच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"माले पहिलाच दिवशी समजनं," अक्का हळू आवाजात म्हणाल्या. "मना मालकनं तोंड असं नव्हतं."

सरांनी मान वर केली. "मंग तवय काबर बोलन्यात नही?"

"पोरे ल्हान व्हतात. त्यास्ले बाप पाहिजे व्हता." त्यांनी निखाऱ्यावर फुंकर घातली. "तुमना बाप भला शे, सर. इतला वरीस मना घरमा ऱ्हायना, कधी मोठा आवाज कया नही."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. सरांनी मफलरमध्ये तोंड खुपसलं.

"त्यास्नं नाव काय?" अक्कांनी विचारलं.

सरांना ते बहुधा कळलंच नाही.

"तुमना बापनं नाव. सांगा ना, आगारी थंडी व्हई ऱ्हायनी. मना मालकनं नाव माले लेता येत नही, ते पोऱ्या लेई. तुमना बापनं मी लेस."

सरांनी नाव सांगितलं. इतक्या बारीक आवाजात, की अक्कांना ते दोनदा विचारावं लागलं. मग मुलगा आला, त्यानं आपल्या बापाचं नाव घेऊन घागरीत पाणी घातलं आणि उठायला लागला. अक्कांनी त्याला खाली बसवलं, सांजोरीचा तुकडा निखाऱ्यावर ठेवला आणि ते दुसरं नाव मोठ्यानं घेतलं.

"माय, हाऊ कोन?" मुलानं विचारलं.

"घरनाच शे," अक्का म्हणाल्या. "टाक पानी."